मन्मथप्पांचा कोंडवाडा

मन्मथप्पांनी पहिल्याच दिवशी मला कोंडवाड्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. मी हिरेगावचा नवा ग्रामसेवक, ते पंचायतीच्या कोंडवाड्याचे राखणदार. हुद्द्यानं मी वरचा, आणि त्यांची नोंदवही तपासायला आलेलो. आत एक म्हैस हौदावर पाणी पीत होती. अप्पांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला.

"थांबा जरा. नवं माणूस दिसलं की ती पाणी सोडती."

म्हशीचं पाणी पिऊन होईस्तोवर मी थांबलो. मग त्यांनी फाटक उघडलं, बसायला पोतं टाकलं, नोंदवही पुढं केली. नमस्कार राहिला तो राहिलाच. पुढं तीन वर्षं आम्ही रोज भेटलो, पण त्यांनी मला नमस्कार केल्याचं आठवत नाही. मुद्दाम करत नव्हते असंही नाही. माणूस समोर आलं की त्याच्या मागं कुठलं जनावर आहे, ते कसं आहे, याकडं त्यांचं लक्ष आधी जायचं.

हिरेगाव जळकोटहून मुखेडकडं जाणाऱ्या रस्त्यावर. काळ्या दगडाच्या चार भिंती, एक कडुनिंब, एक हौद आणि पत्र्याचं छप्पर एवढाच कोंडवाडा. कुणाच्या पिकात शिरलेलं किंवा मोकाट फिरणारं जनावर आणून तिथं कोंडायचं. मालक यायचा, दंड भरून घेऊन जायचा. मुदतीत कुणी आलं नाही तर पंचायत लिलाव करायची. लिलावात बोलीच लागली नाही, तर सांभाळायला तयार असलेल्या माणसाला ते जनावर द्यावं, असा पंचायतीचा एक जुना ठराव होता. बाकी गाव हा ठराव विसरलं होतं. अप्पांची सगळी नोकरी त्या ठरावावर चालायची.

अप्पा उंच, वाळलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात कायम बंडी. घरचं किराणा दुकान पेठेत होतं, ते धाकटा भाऊ बघायचा. दुकानात बसले असते तर सावलीत बसले असते, असं लोक म्हणत. माणसांशी ते मराठीत बोलत, जनावरांशी कानडीत. "बा, बा, नीर कुडी," म्हणत हौदाकडं न्यायचे, तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच असायचा. तो आवाज माणसांच्या वाट्याला कधी आला नाही. काशीबाई, म्हणजे त्यांची बायको, एकदा हसत म्हणाल्या होत्या, "माझ्याशी बी कानडीत बोलतील म्हणून लई दिवस वाट बघितली, सायब."

एरवी शब्दाला शब्द जोडून न बोलणारा हा माणूस लिलावाच्या दिवशी मात्र बडबड्या व्हायचा, आणि धडधडीत खोटं बोलायचा. "ही गाय? दूध न्हाई, नुसती लाथ हाय." "ह्या बैलाला गाडीला जुपलं की बसतोय." गिऱ्हाईक मागं सरायचं. बोली लागायची नाही. संध्याकाळी अप्पा त्याच गाईच्या पाठीवरून हात फिरवत बसलेले असायचे, बहुतेक माफी मागत.

मग खरं काम सुरू व्हायचं, त्या जनावराला घर शोधायचं. जनावर मागायला येणाऱ्याला अप्पा एकच प्रश्न पहिला विचारत. "सकाळी जनावराला पाणी कोण दाखवतं तुमच्या घरी?" कुणी म्हणालं, बायको, तर म्हणायचे, "मग तिला धाडून द्या. जनावर तिला देतो." कुणी म्हणालं, गडी बघतो, तर गड्याला बोलावून घ्यायचे. हेडमास्तर एकदा मोठ्या हौसेनं वासरू न्यायला आले. अप्पा त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले, अंगण बघितलं आणि तसेच परत फिरले. "मन मोठं हाय तुमचं, मास्तर. जागा लहान हाय." मास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. अप्पांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

हा संशय आला कुठून, ते काशीबाईंनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या साली एका गोड बोलणाऱ्या माणसाला अप्पांनी एक गाभण गाय दिली होती. माणूस रडला होता म्हणे गाय बघून. दीड महिन्यानं अप्पा सहज उदगीरच्या बाजारात गेले, तर तीच गाय हाडं वर आलेली, विकायला उभी. वासराचा पत्ता नाही. गाईनं त्यांना ओळखलं. त्या दिवसापासून अप्पा दिलेलं प्रत्येक जनावर बघायला जाऊ लागले. न सांगता. कधी एसटीनं, कधी पायी. मालकाच्या घरी चहाला थांबत नसत. घरामागच्या परड्यात जात, बघत, निघून येत. काही घरांतून ते जनावर सोबत घेऊन परतही आले, आणि मालकानं तोंड उघडलं नाही.

फक्त रुक्मिणबाई परिटिणीपुढं त्यांचं काही चाललं नाही. तिचं गाढव म्हातारं होऊन मेलं होतं, आणि कोंडवाड्यात एक बेवारशी गाढव आलं होतं. अप्पांनी विचारायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "तुम्ही थांबा. मीच विचारते. ह्याला तुम्ही कालपासून काय खाऊ घातलं? पाठीवरची जखम कुणी धुतली का न्हाई? माश्या बसून राहिल्यात."  अप्पा हळद आणायला पळाले. गाढव त्याच दुपारी गेलं, आणि अप्पा ते बघायला कधीही गेले नाहीत.

मी रुजू झालो त्याच्या पुढच्या साली पाऊस झाला नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. जिल्हा जवळ आला म्हणून लोक खूश होते, पण विहिरी तळाला गेल्या होत्या. कडबा डोळ्यानं दिसेना. तेव्हा लोक जनावरं सोडू लागले. आधी भाकड गाई, मग म्हातारे बैल, मग दुभती म्हैसही. सकाळी फाटक उघडायला अप्पा येत, तर बाहेर दोन-तीन जनावरं उभी असत. कुणी बांधलेली नाहीत, कुणी आणलेली नाहीत. नुसती उभी.

अप्पांना बहुतेकांचे मालक माहीत होते. त्यांना ते जनावरच सांगायचं. मोडक्या शिंगाचा एक पांढरा बैल होता. रोज सकाळी खडी फोडायच्या दुष्काळी कामावर लोक रस्त्यानं जायचे, तेव्हा तो भिंतीवरून मान काढून उभा राहायचा. दिगंबर नावाचा एक माणूस दिसला की त्याचे कान उभे राहायचे. तीन दिवसांनी दिगंबर दुसऱ्या वाटेनं जाऊ लागला. बैल तरी उभा राहायचाच. मी अप्पांना म्हटलं, "सरपंचांना सांगू या. जनावर सोडलं म्हणून दंड होईल."

"कशाला?"

"मग दुसरे सोडणार नाहीत."

"घरात चारा असता तर ह्यानं बी सोडलं नसतं, सायब. लाज वाटली म्हणून तर वाट बदलली त्यानं. जिथं लाज हाय तिथं अजून काही तरी हाय."

उन्हाळा लागला तेव्हा कोंडवाड्यात तेवीस जनावरं होती. पंचायतीचा चारा संपला. अप्पा काशीबाईंना घेऊन नाल्याकाठची सुबाभूळ, वडाची पानं, जे हिरवं दिसेल ते आणत. हौदाचं पाणी टँकरवर आलं होतं, आणि टँकर एक दिवसाआड. माणसांच्या रांगेतून जनावरांसाठी पाणी घ्यायचं म्हणजे रोज भांडण. अप्पा घागर खाली ठेवत नसत, शिव्या ऐकत, आणि नंबर सोडत नसत.

त्याच आठवड्यात बाहेरगावचा एक व्यापारी ट्रक घेऊन आला. त्याला जनावराचं दूध, गुण, चाल काही बघायचं नव्हतं. सगळीच्या सगळी उचलतो म्हणाला. अप्पांनी सवयीनं सुरू केलं, "ही गाय लाथ मारती." व्यापारी म्हणाला, "मारू द्या. किती दिवस मारणार हाय?" 

सरपंच वाईट माणूस नव्हते. पण पाणी माणसांना पुरेना. ते म्हणाले, "अप्पा, मंगळवारी लिलाव. आता इथं रोज एक मरणार, ते बघत बसू का मी?"

एक वाट होती. सहा कोसांवर सरकारी मदतीनं गुरांची छावणी उघडली होती. तिथं चारा होता, पाणी होतं. पण छावणीत जनावर दाखल करायला मालक लागत होता. मालकाचं नाव, गाव, ग्रामसेवकाचा दाखला. बेवारशी जनावराला छावणी नव्हती.

बुधवारी अप्पा आणि मी लातूरला गेलो. जिल्ह्याची कचेरी नवी, पाट्यांचा रंग ओला वाटावा इतका ताजा. जुन्या जिल्ह्यातून आलेले कागदांचे गठ्ठे कापडात बांधून व्हरांड्यात रचले होते, आणि माणसं आपलं काम कुठल्या खोलीत ते शोधत फिरत होती. चौथ्या खोलीत एका तरुण अधिकाऱ्यानं आमचा अर्ज वाचला. बसायला सांगितलं. नीट बोलला.

"मालक म्हणून ग्रामपंचायत लिहून चालेल का, हे मला ठरवता येत नाही. वर लिहून विचारतो. पंधरा दिवस तरी लागतील."

"सायब," अप्पा म्हणाले, "पंधरा दिवसांनी नुसता अर्ज राहील."

त्यानं अर्ज मिटून परत दिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "जनावराला मालक मिळवा. मालक आज झाला का दहा वर्षांमागं, हे छावणीत कुणी विचारणार नाही. दाखला मात्र तुमच्या सहीचा."

परतीच्या गाडीत मी हिशेब करत होतो. तेवीस खोटे दाखले, आणि माझी नोकरी दोन वर्षांची. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. चाकूर मागं पडलं तेव्हा म्हणाले, "तेवीस माणसं पाहिजेत."

"नावं," मी म्हणालो. "नुसती नावं पाहिजेत, अप्पा. गावात कुणाचंही लिहू."

"नाव कागदाला लागतंय. जनावराला माणूस लागतंय. खोटा दाखला मी तुमच्याकडून घेणार न्हाई. ज्यानं नाव दिलं, त्याचंच ते जनावर. छावणी सुटल्यावर घरी न्यायचं. हे कबूल असंल त्याचंच लिवा."

मला तेव्हा त्यांचा राग आला. सहा दिवस हातात, आणि हा माणूस अट वाढवून राहिलाय.

गुरुवारपासून आम्ही दारोदार फिरलो. लोक आधी हसले. स्वतःची सोडून बसलेत, दुसऱ्याची कोण घेणार? अप्पा वाद घालत नसत. "चारा छावणी देईल. पाऊस पडला की तुमी द्या. एवढंच." पहिलं नाव खाजाभाई शिंप्यानं दिलं, म्हशीसाठी. दुसरं रुक्मिणबाईनं. हेडमास्तर आले आणि म्हणाले, "जागा अजून तेवढीच हाय, अप्पा." अप्पा म्हणाले, "आता जनावरं बी तेवढी लहान झाल्यात, मास्तर." मास्तरांना वासरू मिळालं. धाकट्या भावानं दुकानातून उठून दोन गाईंना नाव दिलं. प्रत्येकाला अप्पा कोंडवाड्यात आणत, जनावराच्या कपाळावर हात ठेवायला लावत, आणि मगच मला म्हणत, "लिवा."

शनिवारी सतरा झाली. रविवारी बळवंतराव आले, गावातले मोठे बागायतदार. म्हणाले, पाच जनावरं माझ्या नावावर घाला. मी वही उघडली.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

बळवंतराव आले तसे निघून गेले. ते वळणाआड जाताच मी अप्पांवर ओरडलो. पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हणालो, तुम्हाला जनावरं वाचवायचीत का तुमचा हेका? परवा ट्रक येणार आहे.

अप्पा कडुनिंबाखाली बसले. 

"भावाभावाची वाटणी चालली होती त्यांची," मग ते म्हणाले. "एक बैल कुणाच्या वाट्याचा, त्यावर भांडण. हा म्हणे त्यानं पाजावं, तो म्हणे ह्यानं पाजावं. चार दिवस. बैल बांधल्या जागी मेला. हौद बारा पावलांवर होता, सायब. मी मोजलीत. मला लिलाव परवडला. ट्रकात निदान लवकर मरंल."

मी वही मिटली. सोमवारी आणखी चार नावं मिळाली. दोन राहिली, एका डोळ्यानं आंधळी असलेली तांबडी गाय आणि तो मोडक्या शिंगाचा बैल. गाईपुढं मी माझं नाव लिहिलं. भाड्याच्या खोलीत राहणारा सडा माणूस मी, पण हात आपोआप चालला. अप्पा बघत होते. मला वाटलं नको म्हणतील. त्यांनी नुसतं गाईचं कपाळ दाखवलं. मी हात ठेवला.

बैलासाठी अप्पा स्वतःचं नाव देऊ शकत नव्हते. कोंडवाड्याच्या माणसानं कोंडवाड्यातलं जनावर घ्यायचं नाही, असा नियम होता, काशीबाईंनाही तोच लागू. ठरावही अप्पांना तोंडपाठ, नियमही.

मंगळवारी सकाळी ट्रक आला. सरपंच आले, दवंडी झाली, लोक जमले. बावीस नावं मी वाचून दाखवली. सरपंचांनी मान डोलावली, त्यांनाही हलकं वाटलं असावं. म्हणाले, "अप्पा, लई केलंत. एक जाऊ द्या."

अप्पा फाटकाला पाठ लावून उभे राहिले. हलले नाहीत. व्यापाऱ्याच्या माणसानं ट्रकचं मागचं फळकूट पाडलं. सरपंच दुसऱ्यांदा म्हणाले, "अप्पा." त्यांचा आवाज आता सरपंचाचा होता.

तेव्हा माणसं बाजूला झाली आणि दिगंबर पुढं आला. खडीच्या धुळीनं हात कोपरापर्यंत पांढरे. कामावर न जाता आला होता.

"बैलाला एक नाव कमी पडतंय म्हणून ऐकलं," तो माझ्याकडं बघून म्हणाला.

"हाव," अप्पाच म्हणाले. "एक कमी हाय."

"माझं लिवा."

ज्या माणसानं प्रत्येकाला दहा प्रश्न विचारले होते, त्यानं दिगंबरला एकही विचारला नाही. फाटक उघडलं. बैल बाकीच्या जनावरांतून वाट काढत आला आणि त्यानं दिगंबरच्या काखेत डोकं घातलं. चाटू लागला, त्या पांढऱ्या हातावरची धूळ निघेपर्यंत. सगळे बघत होते. दिगंबरनं मान वर केली नाही.

सरपंचांच्या लक्षात आलं. "अरे, म्हणजे हा बैल तुझाच—"

"नव्या मालकाला लवकर ओळखलं बैलानं," अप्पा मध्येच म्हणाले. "असतंय एखादं जनावर असं. सायब, लिवा."

मी लिहिलं. सरपंच ट्रकवाल्याकडं वळून म्हणाले, "तुमची फेरी फुकट गेली."

छावणी त्या साली पावसाळा लागून महिना होईपर्यंत चालली. अप्पा दर आठवड्याला तेवीसही जनावरं बघून येत. एक म्हातारी गाय तिथं मेली. छावणी उठली त्या दिवशी सतरा जनावरं आपापल्या मालकांबरोबर घरी गेली. दिगंबर सगळ्यांत आधी गेला होता. पाच जनावरांचे मालक आले नाहीत. पाऊस पडला होता, पण लोकांच्या मनातला दुष्काळ गेला नव्हता. अप्पांनी ती पाचही जनावरं गावात आणली आणि एकेका दारासमोर एकेक घेऊन उभे राहिले. हाक मारायची नाही, बोलायचं नाही, उभं राहायचं. पहिल्या दाराला दुपार झाली. दुसऱ्याला फार वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत चार दारं उघडली.

पाचवं दार माझं होतं.

मला बिलोलीत दुसरी नोकरी लागली होती. बिलोली माझं गाव, घरी आई एकटी. दोन दिवसांत जायचं होतं, ट्रंक भरून झाली होती. गाईचं काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे ठरवलं होतं. अप्पांना काही न सांगता निघून जायचं. तांबडी गाय दारात उभी, तिचा चांगला डोळा माझ्याकडं. मी सांगू लागलो, बिलोली लांब, एसटीत गाय चढत नाही, आई म्हातारी.

अप्पा म्हणाले, "मुखेडवरून चालत गेलं तर चार दिवस. परवा निघू."

आम्ही चार दिवस चाललो. ते गाईच्या आंधळ्या बाजूनं चालत, म्हणजे त्या बाजूनं काही आलं तर तिला दचकायला नको.  चौथ्या दिवशी बिलोलीत पोचलो. आईला कशाचीच कल्पना नव्हती. तिनं आधी मला पाहिलं, मग गाय, मग अप्पा.

"अक्का," अप्पा म्हणाले, "सकाळी जनावराला पाणी कोण दाखवणार?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "इथं मी एकटीच हाय. दुसरं कोण दाखवणार?" असं म्हणून ती बादली आणायला आत गेली.

गाय आमच्याकडं सहा वर्षं राहिली. बोलायला कुणी तरी मिळालं, असं आईच म्हणायची. अप्पा वर्षातून दोनदा येत. परड्यात जात, बघत, निघत. आई दरवेळी चहा ठेवे, आणि दरवेळी तो तिलाच प्यावा लागे.

सहाव्या साली गाय म्हातारपणानं गेली. मी अप्पांना पत्र टाकायला हवं होतं, पण टाकलं नाही. कसं लिहावं सुचेना. दहा-बारा दिवसांनी ते आपले आले. नोकरी संपली होती, पाठ वाकली होती. सरळ परड्यात गेले. मी मागं गेलो नाही. आई गेली.

बऱ्याच वेळानं आईचा आवाज आला. "दोन दिवस उठली न्हाई. मी बसून होते जवळ. डोकं मांडीवर घेतलं होतं."

 मग अप्पा ओसरीवर येऊन बसले. आईनं चहा आणला. त्यांनी घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बशीत ओतून सावकाश प्याले.

"जागा रिकामी झाली," ते म्हणाले.

"आता नको, अप्पा," आई म्हणाली. "माझ्यानं पुन्हा बघवणार न्हाई. द्यायचंच असलं तर कालवड द्या. लहान. माझ्या मागं राहील अशी."

"लहान सगळेच नेतात, अक्का. आता एक म्हैस हाय, हिरेगावात. दात झिजलेत. दुधाची न्हाई, गाभण राहायची न्हाई. खोटं सांगत न्हाई तुमाला."

आई भिंतीकडं बघत बसली. मी तिची बाजू घेऊन काही बोलणार होतो, तिनं हातानं थांबवलं.

"चावायला होतंय का तिला?"

"ओलं चारलं तर होतंय."

"कधी आणता?"

पुढच्या आठवड्यात ते म्हैस घेऊन आले, एकटेच. मला निरोप नव्हता, नाहीतर मी अर्ध्या वाटेवर गेलो असतो. कचेरीतून घरी येत होतो, तर रस्त्याच्या कडेनं दोघं येताना दिसली. म्हैस चार पावलं चाले आणि थांबे. ती थांबली की अप्पाही थांबत. ओढत नव्हते, हाकत नव्हते. ती निघाली की निघत. चार दिवसांच्या वाटेला त्यांना सात दिवस लागले होते.

त्यांनी म्हशीला परड्यात उभं केलं. आईनं पेंड भिजवून ठेवली होती. म्हैस खाऊ लागली तसे ते तिच्याजवळ वाकले, कानडीत काही तरी बोलले, आणि तिच्या गळ्यातला आपला दोर सोडू लागले. गाठ बोटांनी सुटेना. मी मदतीला गेलो, त्यांनी मला बाजूला केलं आणि दातांनी सोडवली.

"तुमचा दोर आणा," ते मला म्हणाले. "माझ्या दोरात ठेवलं तर ती माझीच राहील."

मी घरातला दोर आणला. आईनं तो म्हशीच्या गळ्यात बांधला. अप्पांनी गाठ ओढून बघितली, थोडी सैल करायला लावली. जेवायला थांबा म्हणून आईनं दोनदा म्हटलं. ते म्हणाले, शेवटची गाडी चुकंल. मी स्टँडपर्यंत येतो म्हणालो, तर म्हणाले, "तुमी हितंच थांबा. पहिल्या दिवशी घरचं माणूस नजरेपुढं असावं तिच्या."

म्हणून मी परड्याच्या दारातूनच त्यांना जाताना पाहिलं. सोडलेला दोर वेटोळं करून खांद्यावर टाकलेला, पाय किंचित ओढत, स्टँडच्या रस्त्यानं. त्यानंतर ते आले नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी अप्पा गेल्याचं, काशीबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. आईनं ते दोनदा वाचायला लावलं, मग बादली उचलली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.